लखपतच्या तटावर

"अर्ध्या तासात खायचं आहे हं," आई म्हणाली आणि दादाने नेहमीसारखे डोळे फिरवले.

जीपच्या मागच्या सीटवर बसून त्याने शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचली. चौदाव्या वर्षी त्याला मधुमेह झाला. तेव्हापासून सहा वर्षं तो रोज हे करत होता, दात घासावेत तितक्या सहज. इंजेक्शन झालं की अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर रक्तातली साखर झरझर उतरते. आधी घाम फुटतो, मग जीभ जड होते, मग माणूस बरळायला लागतो आणि शेवटी पडतो. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. एकदा कॉलेजच्या मैदानात तो असाच पडला होता. तेव्हापासून आईने त्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायचा नेमच केला होता.

सकाळचे नऊ वाजले होते. जीप लखपतच्या दरवाज्याशी उभी होती. भुजपासून आमच्याबरोबर असलेले ड्रायव्हर हासमभाई म्हणाले, स्टेपनी पंक्चर आहे, दयापरला जाऊन करून आणतो, तोवर तुम्ही किल्ला बघा. आम्ही डबा, पाण्याचा कॅन आणि चटई घेऊन उतरलो. ऊन चढायला लागलं होतं म्हणून दादाने जर्किन काढून आईच्या हातात दिलं. जीप धूळ उडवत निघून गेली.

आम्ही शिंत्रे, गडहिंग्लजचे. बाबा हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि सुटी म्हणजे किल्ला हे आमच्याकडे ठरलेलं. लोकांची मुलं दिवाळीत मामाकडे जायची, आम्ही बुरुज मोजायचो. सह्याद्रीतले किल्ले संपत आले तेव्हा, चौऱ्याण्णव साली, बाबांनी नकाशाच्या पार डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. कच्छ, आणि त्यातही लखपत. देशाच्या अगदी काठावरचा किल्ला. तटावर चढलं की समोर खाडी, खाडीपलीकडे पांढरंफेक रण आणि त्याच्या पल्याड पाकिस्तान. एके काळी इथे सिंधूचं पाणी यायचं, जहाजं लागायची, बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मग भूकंप झाला, नदीचं पाणी दुसरीकडे वळलं आणि शहर ओस पडलं. कोसभर पसरलेला तट तेवढा शाबूत राहिला. आत पडकी घरं, वेड्या बाभळींचं रान, एक जुना गुरुद्वारा आणि चार-दोन बिऱ्हाडं.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात हिंदी बोलायचं खातं माझ्याकडे होतं. मी बारा वर्षांची होते. आमच्याकडच्या मोठ्या माणसांची हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेपटाला 'है' बांधायचा आणि सोडून द्यायचं. भुजच्या हॉटेलात बाबा "हमको चार पाणी होना" म्हणाले तेव्हा वेटर त्यांच्याकडे बघतच राहिला. मी मात्र हिंदीच्या बाहेरच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आले होते. त्यामुळे साऱ्या प्रवासात "नीरू, विचार ग त्याला" हेच चाललं होतं, आणि माझी मान दिवसेंदिवस ताठ होत होती.

तटावर चढल्या चढल्या बाबा सुरू झाले. कोणी बांधला, किती बुरुज, दगड कुठला. मग दादाकडे वळून म्हणाले, "तुला दुसऱ्या वर्षाला सर्व्हेइंग होतं की. एवढा लांब तट मोजायचा तर कसा मोजशील?"

"माहीत नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे? बासष्ट मार्क पडले न तुला त्यात?"

दादा खाडीकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "बाबा, मी परीक्षेला बसलोच नव्हतो."

आई चटई अंथरत होती, ती तशीच थांबली.

"मेमध्ये. एकाही पेपरला बसलो नाही. मार्क सांगितले ते खोटे होते."

"आजारी होतास?"

"नाही."

"मग?"

"मला नाही करायचं ते इंजिनिअरिंग. कधीच करायचं नव्हतं."

बाबांचा राग आधी आवाजात कधी यायचा नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या झाल्या. "सहा वर्षं," ते म्हणाले, "सहा वर्षं सगळं घर तुझ्या सुईच्या तालावर उठतंय-बसतंय. तुझ्या आईनं दुपारी कुणाच्या लग्नाला जायचं सोडलं. आणि तू आम्हाला फसवालायस?"

"मी म्हटलं होतं, माझ्या तालावर नाचा म्हणून?"

"मग जा की! जा, कुठं जायचं तिकडं जा!"

दादा गेला. तटावरून सरळ चालत सुटला. पुढच्या बुरुजाच्या पायऱ्या उतरून तो आतल्या बाभळींत दिसेनासा झाला.

"अरे, खाऊन तरी जा!" आई ओरडली. त्याने मागे बघितलंसुद्धा नाही.

"येईल," बाबा म्हणाले. "पोटात कावळे ओरडले की येतो बघ."

आईने डबा उघडून ठेवला. थेपले, दही, लोणचं. कोणीच हात लावला नाही. बाबा पाठ फिरवून रणाकडे तोंड करून उभे राहिले. मी तटाच्या फटीतले खडे काढून खाली टाकत बसले. मला बाबांचा राग आला होता आणि दादाचाही. चांगली चाललेली सहल या दोघांनी नासवली, असं मला वाटत होतं. खरं सांगते, एवढंच वाटत होतं.

पाऊण तास गेला. आई दादाचं जर्किन घडी करायला लागली आणि तिचा हात खिशावर थांबला. तिने आतून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी बाहेर काढली. सगळी भरलेली.

"अहो," ती म्हणाली. फक्त एवढंच. बाबांनी वळून तिच्या हाताकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग पुसून गेला.

ते तटावरून पळत सुटले. पन्नाशीचे, पोट सुटलेले बाबा पळताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते. "दादाऽऽ! ए दादाऽऽ!" त्यांचा आवाज पडक्या भिंतींवर आपटून परत येत होता.

आईचे गुडघे तेव्हाच दुखरे होते. तिला त्या दगडांतून फिरता येणं शक्य नव्हतं. तिने माझा दंड धरला. "मी गुरुद्वाराशी बसते, वाट तिथूनच आहे. आला तर मला दिसेल. तू त्या बुरुजावर जा, तिथं जवान आहेत. त्यांना सांग शोधायला. तुझी हिंदी चांगली आहे. नीट सांग. सगळं सांग."

मी पळाले. सीमेवरच्या जवानांची एक छोटी चौकी बुरुजावर होती, वाळूच्या पोत्यांची. चौकीचा प्रमुख मिशीवाला, उंच, छातीवर नाव लिहिलेलं: रामफल. तो हवालदार होता. मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. दादा हरवला आहे. त्याला साखरेचा आजार आहे. सकाळी इंजेक्शन घेतलं आहे आणि काही खाल्लेलं नाही. चक्कर येऊन पडेल, बेशुद्ध होईल, लवकर शोधायला हवं. कुठेही अडखळले नाही. 'मधुमेह' हा शब्दसुद्धा आठवला.

"घबरा मत, बिटिया," रामफल म्हणाले. "कपड़े कैसे पहने हैं?"

"सफेद शर्ट. और चश्मा."

"छड़ी है साथ में?"

छडी म्हणजे आमच्या शाळेतली, हातावर बसणारी. मला वाटलं, घरी कोणी मारलं का असं विचारतायत. मी जोरजोरात मान हलवली. "नहीं, नहीं."

"चल तो लेते हैं ठीक से?"

"बहुत तेज," मी म्हणाले.

हिंदीतली माणसं किती अदबीनं बोलतात, असं माझ्या मनात आलं. रामफलनी शिट्टी मारली. चार जवान गोळा झाले. ते त्यांच्याशी भराभर काहीतरी बोलले, हाताने चार दिशा दाखवल्या आणि ते धावले. सगळं पाच मिनिटांत झालं. त्या घाईतही मला स्वतःचं कौतुक वाटलं. मोठी माणसं जे करू शकली नाहीत ते मी केलं होतं.

दहा वाजून गेले होते. त्यानंतरचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात.

किल्ला एवढा मोठा आणि आत एवढं रान, की दहा माणसं शोधत असली तरी एकमेकांना दिसत नव्हती. घरांना छपरं नव्हती पण भिंती होत्या. प्रत्येक भिंतीआड एक खोली आणि प्रत्येक खोलीत बाभूळ. मी आईपासून चौकीपर्यंत आणि चौकीपासून आईपर्यंत पळत होते. काट्यांनी पिंढऱ्या ओरबाडल्या होत्या. दर वेळी आई विचारायची, "काय म्हणाले?" दर वेळी मी सांगायची, "शोधतायत."

आईने गुरुद्वाराच्या स्वयंपाकघरातून मूठभर साखर मागून घेतली होती. ती मूठ तिने सोडली नाही. घामाने साखर ओली होऊन बोटांच्या फटींतून चिकट पाणी गळत होतं. मग ती परत आत जायची, हात धुऊन नवी साखर घेऊन यायची. गुरुद्वारातल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने तिला दोनदा बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"दहा वाजता घाम सुटला असेल," ती मला म्हणाली, किंवा स्वतःला. "सव्वादहाला हात थरथरले असतील. आता त्याला काय करावं ते सुचत नसेल ग. आपल्याला हाकसुद्धा मारता येणार नाही त्याला."

अकराच्या सुमारास बाबा एका पडक्या मशिदीमागून आले. चप्पल एकाच पायात होती. आवाज पार बसला होता. "दिसला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते तिथेच दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवून घ्यायला लागले. मी त्यांचे हात धरले. मला ते थांबवता येईनात.

"खड्ड्यात गेलं इंजिनिअरिंग," ते म्हणाले. "शेती कर म्हणावं, पानपट्टी टाक म्हणावं, काहीही कर. देवा, फक्त दिसू दे. नीरू, मी जा म्हटलं ग त्याला. तू ऐकलंस न?"

मी ऐकलं होतं. "बाबा, जवान शोधतायत," मी म्हणाले. "मी सगळं नीट सांगितलंय."

"शाबास," बाबा म्हणाले आणि उठून पुन्हा बाभळींत घुसले. "दादाऽऽ!" जवान एकमेकांना लांबून हाका मारत होते, बाबा दादाला हाका मारत होते आणि उत्तर कोणाचंच येत नव्हतं. एक जवान माझ्याजवळून पळत गेला. त्याने जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मिल जाएँगे, मिल जाएँगे," तो म्हणाला.

बारा वाजले. मी आईजवळ होते. दरवाज्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. एक जवान हात उंच करून धावत येत होता.

"मिल गए! मिल गए! ठीक हैं, बिल्कुल ठीक हैं!"

आईने मूठ छातीशी धरली आणि ती मटकन खाली बसली. तिच्या तोंडून विचित्र आवाज येत होता, रडणं आणि हसणं एकदम. मग उठून ती त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पळाली. मीही पळाले. माझ्या पायांना जमीन लागत नव्हती. मी मनात म्हणत होते, आता बाबांना सांगायचं, मी आणला शोधून.

दरवाज्याच्या आतल्या बाजूला, चिंचेच्या सावलीत, रामफल आणि दोन जवान उभे होते. त्यांच्यामध्ये दगडावर एक म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, जाड काचांचा चष्मा, पांढरी दाढी. एका जवानाने त्याला पाण्याची बाटली दिली होती आणि दुसरा त्याला ग्लुकोजचं बिस्कीट भरवत होता. म्हातारा गांगरून सगळ्यांकडे बघत होता. तो जवळच्या पाड्यावरचा होता आणि एसटीची वाट बघत सावलीला बसला होता, हे मागून कळलं.

आई इकडेतिकडे बघायला लागली. म्हाताऱ्याच्या मागे, भिंतीआड. "कुठाय?" तिने मला विचारलं. "हे कोण? तो कुठाय?"

रामफल हसत माझ्याकडे आले. "लो बिटिया, तेरे दादा. बस की राह देख रहे थे, आराम से."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकात पाचव्या पानावर चित्र होतं. खाटेवर म्हातारा आणि म्हातारी, खाली लिहिलेलं: दादा-दादी. मला ते चित्र दिसलं. त्याच्या खालचा धडा मला पाठ होता. पण आमच्या घरात मी जन्मले त्या दिवसापासून आई, बाबा, आत्या, शेजारी सगळेच त्याला दादा म्हणायचे. उदयन हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. दादा हे माझ्यासाठी नातं नव्हतंच कधी, ते त्याचं नाव होतं.

"भाई," मी म्हणाले. "मेरा भाई है. बडा भाई. बीस साल का."

रामफलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते सगळं समजले, मी बघितलं. आणि त्याच वेळी बिस्कीट भरवणारा जवान उभा राहिला. त्याच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं.

"साब," तो म्हणाला. "वहाँ पीछे, गुंबद के पास, एक लड़का था. सफेद शर्ट में. बैठा झूम रहा था. मैं समझा पिए हुए है कोई टूरिस्ट. मैंने उसी से पूछा, साब. भैया, किसी बुजुर्ग को देखा है? वो हँसने लगा."

"कब?" रामफल ओरडले.

"शुरू में ही. साढ़े दस बजे."

आईला कळत नव्हतं. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणतोय तो? नीरू, काय म्हणतोय?" रामफल तिला एवढंच म्हणाले, "माताजी, ये दूसरा आदमी है. आप बैठिए." आणि ते पळाले. मी त्यांच्या मागे.

गुंबद म्हणजे किल्ल्याच्या मागच्या अंगाला असलेली एक जुनी घुमटाची कबर. दादा तिच्या भिंतीला टेकून बसलेला नव्हता. तो घसरून कुशीवर आडवा झाला होता. चष्मा बाजूला पडला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटून वाळला होता आणि दातखीळ बसली होती. मी "दादा, दादा" म्हणत त्याला हलवलं. रामफलनी त्याला माणूस उचलावा तसं नाही, पोतं उचलावं तसं खांद्यावर टाकलं आणि दगडांतून, काट्यांतून पळत सुटले.

हासमभाईंची जीप तेवढ्यात दरवाज्यातून आत आली होती. आईने दादाच्या गालात, हिरड्यांवर साखर चोळली. ती ओठांतून बाहेर येत होती. बाबांना कोणीतरी शोधून आणलं. ते जीपमध्ये दादाचे पाय मांडीवर घेऊन बसले आणि सारा रस्ता तळवे चोळत राहिले. दयापरला एका दवाखान्यात ग्लुकोज चढवलं. तिथून भुज. संध्याकाळी दादाचा श्वास नीट चालला होता, पण तो डोळे उघडत नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून असा होता. बाबांनी वेळ सांगितली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला इतका वेळ साखर मिळाली नाही की असं होतं. तासाभरात सापडला असता तर.

"मीच हाकललं त्याला," बाबा म्हणाले. ते मराठीत म्हणाले. डॉक्टरांना कळलं की नाही कोण जाणे. मी त्याचं हिंदी केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दादा गेला.

आम्ही घरी परतलो. बाबांनी किल्ल्यांचे नकाशे पेटीत भरून माळ्यावर टाकले. शाळेत जायचे, शिकवायचे, परत यायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते न विचारता सांगायचे, मी त्याला जा म्हटलं म्हणून तो गेला. लोक म्हणायचे, गुरुजी, असं म्हणू नका. ते मान हलवायचे. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची आणि मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. दर वेळी वाटायचं, उठावं आणि सांगावं. पाय उचलायचे नाहीत. भीती वाटायची, दुसरं काही नाही. निव्वळ भीती.

संक्रांत झाल्यावर आई म्हणाली, "त्या जवानांना पत्र लिहू या. किती केलं त्यांनी आपल्यासाठी. उन्हातान्हात दोन तास. तूच लिही, हिंदीत." मी लिहिलं. 'आपने मेरे बेटे को ढूँढने के लिए बहुत कष्ट उठाए.' आईने खाली सही केली.

उत्तर मार्चमध्ये आलं. मी शाळेतून आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि पत्र तिच्या मांडीवर उघडं होतं. हिंदी असलं तरी अक्षरं आपलीच. ती वाचू शकत होती.

"हे काय लिहिलंय ग?" ती म्हणाली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. "'बिटिया से कहिएगा, मन पर बोझ न रखे. उम्र पूछना हमारा काम था. हमने नहीं पूछी.' कुणाची उम्र? तुझ्या मनावर कसला बोजा?"

मी दप्तर खाली ठेवलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. म्हातारा का आणला होता, जवानाने दादाला काय विचारलं होतं, साडेदहा वाजता. सगळं. आई ऐकत होती.

"तू त्यांना काय म्हणालीस?" तिने विचारलं. "जसंच्या तसं सांग."

"मेरा दादा खो गया है."

आईने ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग दुसऱ्यांदा.

"मीही असंच म्हटलं असतं," ती म्हणाली.

मी रडायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिने मला जवळ घेतलं नाही, पण दूरही लोटलं नाही. मग तिने पत्राची घडी घातली, गॅस पेटवला आणि कोपऱ्यापासून ते जाळलं. राख मोरीत पाणी ओतून घालवली.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"पण त्यांना वाटतं, त्यांच्यामुळं..."

"ठाऊक आहे मला काय वाटतं त्यांना." तिने पदराने हात पुसले. "ते तुला एक शब्द बोलणार नाहीत, नीरू. पण रोज बघतील तुझ्याकडं. तुला नाही सोसायचं ते."

नवरा आणि मुलगी यांत आईने त्या दिवशी एकाला निवडलं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

आई गेली त्याला आता नऊ वर्षं होतील. बाबा गेल्या आषाढात गेले. शेवटचा आठवडा कोल्हापूरला दवाखान्यात होते. एका दुपारी, चारच्या सुमाराला, ते एकदम शुद्धीवर आले. मला नीट ओळखलं, पोरांची चौकशी केली. मग छताकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळं गेला तो, नीरू. वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. नर्स नुकतीच येऊन गेली होती, तासभर कोणी येणार नव्हतं. मला अडवायला आई नव्हती. बाबांनी माझ्याकडे बघितलं असतं तरी किती दिवस, दोन किंवा तीन.

"असं नका म्हणू, बाबा," मी म्हणाले आणि त्यांना चमच्याने पाणी पाजलं.